चिखल किती, डांबर किती?

जुलै २०२४ मधली एक रात्र आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. आम्ही खेड तालुक्यातल्या गावी होतो. रात्री अकराच्या सुमारास अम्मींना धाप लागली. बोलेरो दारातच उभी होती. घरापासून डांबरी रस्ता जेमतेम पाऊण किलोमीटर, पण मध्ये तांबड्या मातीचा चढ. दिवसभर पाऊस कोसळत होता. चढाच्या मध्यावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी हळूहळू गटाराकडे सरकली.

वाडीतली माणसे दोर आणि फळ्या घेऊन धावत आली. चाकांखाली फळ्या आणि पेंढा घालून, मागून ढकलून गाडी वर काढायला पाऊण तास गेला. अल्लाहची मेहरबानी, अम्मींना वेळेवर ऑक्सिजन मिळाला. पण त्या पाऊण तासात त्यांचा श्वास मोजत बसलेल्या आम्हा नवरा-बायकोने एक ठरवले: पुढच्या पावसाआधी या गाडीच्या चाकांचे काहीतरी करायचेच.

भाच्याची यादी

पनवेलला परतल्यावर आमच्या भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. "मामू, मोठे मड टायर आणि रुंद अलॉय टाका. गाडी डोंगरसुद्धा चढेल." फोटो झकास होते. भाव विचारला तर चार टायर आणि चार अलॉय मिळून ऐंशी हजारांच्या वर जात होते. आमच्याकडे भिशीचे पन्नास हजार होते. मग त्याने जुन्या, वापरलेल्या मड टायरांचा स्वस्त सेट शोधून काढला. मे २०२५ मध्ये तो घ्यायच्या तयारीनेच आम्ही ओळखीच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. या धंद्यात त्यांचे केस पिकले आहेत.

चाचांनी भाव सांगण्याआधी विचारले, "वर्षाला गाडी किती फिरते? आणि त्यातला चिखल किती?"

तिथेच बसून हिशेब केला. वर्षाला साधारण नऊ हजार किलोमीटर. पावसाळ्यात गावी तीन फेऱ्या होतात आणि दर फेरीत त्या चढावरून दहाएक वेळा येणे-जाणे. सगळे मिळून चिखल तीस किलोमीटरही भरत नव्हता. उरलेले सगळे डांबर आणि काँक्रीट, त्यातही पावसात भिजलेले घाटरस्ते. गाडीत अम्मी आणि मुले.

जुने टायर काय सांगत होते

चाचा उठून गाडीपाशी गेले आणि जुन्या टायरवर बोट ठेवून म्हणाले, "चिखलाला दोष देऊ नका, आधी हे वाचा."

टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. आमच्या मागच्या टायरवर १११६ होते, म्हणजे २०१६ सालचा अकरावा आठवडा. गाडी आम्ही जुनी घेतलेली. हे आकडे कधी पाहिलेच नव्हते. इतक्या वर्षांत रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते.

टायरच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटरच उरते. मोटारीसाठी कायद्याने ठरवलेली किमान खोली तेवढीच आहे. आमचे मागचे दोन्ही टायर तिथे टेकले होते. त्या रात्री चढावर चाके फिरली तेव्हा निदान गाडीचा वेग तरी कमी होता. त्याच टायरांवर आम्ही मुलांना घेऊन भर पावसात महामार्गावरून आलो होतो, हे लक्षात आल्यावर दोघेही गप्प झालो.

तीन प्रकार

एसयूव्हीचे टायर ढोबळपणे तीन प्रकारचे. एचटी हे रस्त्याचे. बारीक नक्षी, आवाज कमी. एमटी म्हणजे मड टायर. मोठे ठोकळे आणि त्यांच्यात रुंद मोकळी जागा. चाक फिरताना त्या जागेतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळे पुन्हा मातीत रुततात. पण याच मोकळ्या जागेमुळे डांबरावर टेकणारे रबर कमी होते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, आवाज वाढतो, डिझेल जास्त जाते आणि ठोकळे लवकर झिजतात. एटी हे या दोहोंच्या मधले. कच्चा रस्ता, खडी आणि बेताचा चिखल यांत चालतात आणि डांबरावरही बऱ्यापैकी पकड ठेवतात.

अपोलोचा अप्टेरा, जेकेचा रेंजर, एमआरएफचा वाँडरर, योकोहामाचा जिओलँडर ही नावे दुकानात ऐकू येतात. एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार येतात. म्हणून नावावर न जाता एचटी, एटी, एमटी यांपैकी काय आहे ते विचारावे आणि आयएसआयची खूण पाहावी.

ज्यांची बाग किंवा शेत आडरानात आहे, ज्यांना पावसाळाभर रोज चिखलातून जावे लागते आणि ज्यांच्या गाडीला चारही चाकांची ताकद आहे, त्यांच्यासाठी मड टायर योग्य. आमच्या बोलेरोत इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. मड टायर घालून ती फोर-व्हील ड्राइव्ह होणार नव्हती.

आकार वाढवावा का?

आमच्या टायरचा आकार २१५/७५ आर १५. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. चाकाची एकूण उंची साधारण ७०४ मिलिमीटर होते. भाच्याला हवा होता २३५/७५ आर १५, म्हणजे ७३४ मिलिमीटर. तीस मिलिमीटर वाढले, तरी गाडी जमिनीपासून उचलली जाते त्याच्या निम्मीच, पंधरा मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर साठ दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल, चढावर इंजिनावर ताण येईल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याची भीती. उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असे जाणकार सांगतात. इथे तो चारच्या वर जात होता.

आकारानंतर लिहिलेले अक्षर आणि आकडेही पाहावेत. आमच्या टायरवर १०० एस आहे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलोपर्यंतचा भार आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याहून कमी भाराचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. उद्या अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात असा बदल अडचण ठरू शकतो.

डिस्क: दिसणे आणि टिकणे

डिस्क, म्हणजे ज्यावर टायर चढतो ती रिम. खड्ड्यात जोराने आदळल्यावर लोखंडी डिस्क वाकते, अलॉय तडकू शकते. किरकोळ वाकलेली लोखंडी डिस्क काही वेळा ठोकून सरळ होते. तडकलेली आणि वेल्डिंग केलेली अलॉय मात्र फुकट मिळाली तरी नको. चाक बाहेर काढणारी रुंद डिस्क गाडीला रुबाब देते, पण बेअरिंगवरचा ताण वाढवते आणि चिखल दारांवर उडवते. जुनी डिस्क घेताना ती बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून पाहावी. डोळ्यांना न दिसणारा बाक तिथे कळतो.

भाच्याने शोधलेला जुना मड टायरांचा सेटही चाचांनी पाहिला. दोन टायरांच्या बाजूला फुगवटा होता. बाजू फुगलेला टायर कधी फुटेल याचा नेम नाही. तो सेट तिथेच सोडला.

आमचा हिशेब

मूळ आकाराचे पाच एटी टायर, प्रत्येकी ७,४०० प्रमाणे ३७,००० रुपये. पाच अशासाठी की स्टेपनीही २०१६ चीच निघाली. एक डिस्क वाकलेली होती, तिच्या जागी नवी लोखंडी २,८०० ची. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट १,७००. हवा भरायचा छोटा पंप आणि टोचनाचा पट्टा ३,५००. एकूण ४५,००० रुपये. भाव गावागणिक बदलतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, म्हणून पक्के बिल मागायला आता संकोच नको. त्याशिवाय वॉरंटीही मिळत नाही.

पंप का घेतला, तेही सांगतो. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते. पण डांबरावर येताच हवा पुन्हा दारावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी भरावी लागते. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापतो आणि फुटतो.

भिशीतले पाच हजार उरले. ते आम्ही त्या चढाला दिले. वाडीतल्या आणखी चार घरांनी भर घातली. ट्रॅक्टरने जांभ्याचे तुकडे आणून चाकोऱ्यांत टाकले, आणि वरून येणारे पाणी बाजूला काढायला एक आडवा चर खणला.

२०२५ च्या पावसाळ्यात त्या चढावर गाडी एकदाच थांबली. भाचा खाली उतरला, त्याने हवा कमी केली आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी वर आली. अम्मी पुढच्या सीटवर होत्या; त्यांची तसबीह तेवढी थांबली होती. आता त्याच चढावरून शेजाऱ्यांची रिक्षाही जाते.

तुमच्या दारात गाडी असेल तर आज मोबाइलचा दिवा लावून पाचही टायरांवरचे ते चार आकडे वाचा. स्टेपनी विसरू नका.