पराभवाला टाळ्या वाजवताना...

२६ मार्च २०१५ची रात्र. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत वसलेल्या बफेलो शहरात बर्फावरील हॉकीचा सामना रंगला होता. यजमान बफेलो सेबर्स आणि पाहुणा अ‍ॅरिझोना कायोटीज हे दोन्ही संघ त्या मोसमात गुणतक्त्याच्या तळाशी होते. निर्धारित वेळेत बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला आणि पाहुण्यांनी निर्णायक गोल केला. यजमानांच्या मैदानात अशा क्षणी शांतता पसरावी, हा जगभरचा रिवाज. त्या रात्री मात्र बफेलोच्या प्रेक्षकांतून आनंदाचा जल्लोष उसळला. स्वतःच्याच संघाच्या पराभवाला टाळ्या वाजवणाऱ्या त्या लोकांना वेड लागले नव्हते. शेवटचा क्रमांक मिळाला तर कॉनर मॅकडेव्हिड नावाचा अठरा वर्षांचा असामान्य खेळाडू आपल्या संघात येण्याची शक्यता वाढेल, हा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला होता.

तो हिशेब बरोबर होता का? प्रस्तुत लेखक या खेळांचा तज्ज्ञ नव्हे; भारतीय वेळेनुसार पहाटे उठून अमेरिकेतील सामने पाहणारा एक साधा चाहता आहे. पण बास्केटबॉल, बेसबॉल आणि हॉकी या तिन्ही खेळांतील होतकरू खेळाडूंच्या निवडीचा जो इतिहास समोर आहे, तो पाहता या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक खेळात वेगळे येते, असे माझे मत झाले आहे.

लिलाव नव्हे, निवड

आयपीएलमुळे आपल्याला खेळाडूंच्या लिलावाची सवय झाली आहे. जो अधिक बोली लावेल, त्याला खेळाडू मिळतो. अमेरिकेतील व्यावसायिक साखळ्यांची रीत निराळी आहे. तेथे दरवर्षी नवोदित खेळाडूंचा 'ड्राफ्ट' होतो. संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूचे नाव पुकारतात आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या संघाकडे जातो. कोणत्या शहरात खेळायचे, हे ठरवण्यास नवख्या खेळाडूला फारसा वाव नसतो. या क्रमाचे मूळ सूत्र असे, की जो संघ सर्वांत दुबळा, त्याला आधी निवड करू द्यावी. श्रीमंत संघांनीच सगळे गुणी खेळाडू पळवू नयेत आणि साखळीत चुरस टिकून राहावी, हा त्यामागील उद्देश. उद्देश चांगलाच आहे. पण ज्या व्यवस्थेत हरणाऱ्याला बक्षीस मिळते, तेथे हरण्याचा मोह होणार, हेही ओघाने आलेच.

हा मोह आवरण्यासाठी बास्केटबॉलच्या 'एनबीए'ने १९८५ साली सोडत सुरू केली. म्हाडाच्या घरांची सोडत ठाऊक असलेल्या वाचकांना ही कल्पना समजावून सांगायला नको. यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू फिरवून त्यांतील चार काढायचे, अशी पद्धत पुढे रूढ झाली. त्यातून १००१ जुळण्या संभवतात. एक बाद धरून उरलेल्या हजार जुळण्या बाद फेरी हुकलेल्या १४ संघांत, त्यांच्या कामगिरीच्या उलट प्रमाणात वाटल्या जात. तळाच्या संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी असे. २०१९च्या सोडतीपासून ती १४ टक्क्यांवर आणली गेली आणि तळाच्या तिन्ही संघांना समान संधी देण्यात आली. हरण्याचा फायदा कमी व्हावा, हाच त्यामागील हेतू होता.

बास्केटबॉल : एकाने फरक पडतो

तिन्ही खेळांत नव्या खेळाडूवर सर्वाधिक आशा ठेवावी, असा खेळ बास्केटबॉलच. कारण साधे आहे. मैदानात एका बाजूने पाचच खेळाडू असतात आणि ४८ मिनिटांच्या सामन्यात अव्वल खेळाडू ३५ मिनिटांच्या आसपास मैदानात राहतो. चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याच हाती देता येतो. सॅन अँटोनियो स्पर्सने १९९६-९७च्या मोसमात ८२ पैकी अवघे २० सामने जिंकले होते. १९९७मध्ये त्यांना पहिल्या क्रमांकाने टिम डंकन मिळाला, दुखापतीतून सावरलेला डेव्हिड रॉबिन्सनही परतला आणि पुढच्याच मोसमात विजयांची संख्या ५६ झाली. १९९९ साली या संघाने पहिले विजेतेपद मिळवले आणि डंकनच्या कारकीर्दीत एकूण पाच. २००३मध्ये क्लीव्हलँडला लेब्रॉन जेम्स मिळाला, तेव्हा एका वर्षात १७ विजयांचे ३५ झाले.

मात्र खेळाडू कोणता, हे ओळखणे सोपे नाही. १९८४मध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या उंचपुऱ्या खेळाडूला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या पदरात मायकल जॉर्डन पडला. २०१३मध्ये पहिला निवडला गेलेला अँथनी बेनेट चार मोसमांत एनबीएबाहेर गेला आणि पंधराव्या क्रमांकावर घेतलेला यानिस आदेतोकुम्बो पुढे मिलवॉकीच्या २०२१मधील विजेतेपदाचा शिल्पकार ठरला. निकोला योकिचला तर २०१४मध्ये डेन्व्हरने ४१व्या क्रमांकावर उचलले होते. त्याने तीन वेळा साखळीतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला आणि २०२३मध्ये आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिले.

जाणूनबुजून दुबळे राहण्याचा सर्वांत धीट प्रयोग फिलाडेल्फियाने केला. २०१३ ते २०१६ या तीन मोसमांत या संघाने २४६ पैकी केवळ ४७ सामने जिंकले. चांगले खेळाडू देऊन भविष्यातील निवडी जमवायच्या आणि धीर धरायचा, अशी ती योजना होती. तिच्यातून जोएल एम्बीड हा खरोखरीचा मोठा खेळाडू मिळाला. २०२३मध्ये तो साखळीत सर्वोत्तम ठरला. परंतु २०१५चा तिसरा, २०१६चा पहिला आणि २०१७चा पहिला, असे तीन मौल्यवान क्रमांक ज्यांच्यावर खर्ची पडले, त्यांच्यापैकी एकही त्या संघाचा दीर्घकालीन आधार होऊ शकला नाही. २०२५च्या मोसमापर्यंत फिलाडेल्फियाला बाद फेरीचा दुसरा टप्पा ओलांडता आला नव्हता. याउलट डॅलसने २०२५मध्ये अवघ्या १.८ टक्के संधीवर सोडत जिंकली आणि कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला तरुण मिळवला. तीन वर्षांची तपश्चर्या एकाची आणि फळ दुसऱ्यालाच, असा हा प्रकार.

बेसबॉल : धीराची परीक्षा

बेसबॉलचा बाज अगदी उलट. येथे नऊ फलंदाज पाळीपाळीने खेळतात. कितीही थोर फलंदाज असला, तरी उरलेल्या आठ जणांची पाळी झाल्याशिवाय त्याला पुन्हा बॅट हाती घेता येत नाही. सामना सुरू करणारा मुख्य चेंडूफेक्या साधारणपणे पाच-सहा दिवसांतून एकदा मैदानात उतरतो. त्यामुळे एका खेळाडूने संघाचे नशीब पालटणे जवळजवळ अशक्य. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे माइक ट्राउट. २००९मध्ये एंजल्स संघाने त्याला २५व्या क्रमांकावर निवडले आणि त्याने २०१४, २०१६ व २०१९ असे तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. २०१८ ते २०२३ या काळात शोहेई ओतानीसारखा अलौकिक खेळाडूही त्याच्या जोडीला होता. तरीही २०२५पर्यंत ट्राउटच्या वाट्याला बाद फेरीचे केवळ तीन सामने आले, तेही २०१४मध्ये, आणि ते तिन्ही त्याचा संघ हरला.

शिवाय निवड झाली म्हणजे खेळाडू मुख्य संघात आला, असेही नाही. त्याला दुय्यम साखळ्यांच्या पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. बहुतेकांना त्यासाठी तीन-चार वर्षे लागतात आणि अनेक जण वाटेतच थांबतात. १९९१मध्ये यांकीजने पहिल्या क्रमांकाने निवडलेला ब्रायन टेलर एका हाणामारीत खांदा दुखावून बसला आणि मुख्य साखळीत कधीच खेळू शकला नाही. उलट १९८८मध्ये ६२व्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर, केवळ ओळखीखातर घेतलेला माइक पियाझा २०१६मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये विराजमान झाला. २०२३मध्ये पिट्सबर्गने निवडलेला पॉल स्कीन्स वर्षाच्या आत मुख्य संघात आला, पण तो अपवाद.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे शंभराहून अधिक सामने गमावले आणि २०१७मध्ये विजेतेपद पटकावले. तळ गाठण्याचे समर्थन करणारे हेच उदाहरण हमखास देतात. पण त्या संघाचा कणा असलेला होसे अल्तुवे ड्राफ्टमधून नव्हे, तर व्हेनेझुएलात थेट कराराने मिळाला होता. जस्टिन व्हर्लँडर दुसऱ्या संघाकडून घेतलेला होता. शिवाय त्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे २०२०च्या चौकशीत सिद्ध झाले, तो डाग वेगळाच.

हॉकी : मधला मार्ग

आपल्याकडे हॉकी म्हटले, की ध्यानचंदांची हॉकी आठवते. अमेरिका-कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. एका बाजूने गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात, पण बर्फावर वेगाने सरकण्याचे श्रम एवढे, की पाऊणएक मिनिटात खेळाडू बदलावे लागतात. साठ मिनिटांच्या सामन्यात आघाडीचा खेळाडू वीस-बावीस मिनिटेच खेळतो. म्हणून येथे एकटा खेळाडू फरक पाडतो, पण बास्केटबॉलइतका नाही. त्यातही निवड साधारणतः अठराव्या वर्षी होते. त्या वयात, विशेषतः गोलरक्षकाची, पारख करणे अवघड. न्यूयॉर्क रेंजर्सचा नामवंत गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २०००मध्ये २०५व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

बफेलोचे पुढे काय झाले? तो मोसम त्यांनी ठरवल्याप्रमाणे तळाला संपवला. सोडतीत मात्र २० टक्क्यांची संधी वाया गेली आणि मॅकडेव्हिड एडमंटनला मिळाला. बफेलोच्या वाट्याला दुसऱ्या क्रमांकाचा जॅक आयकल आला. तोही गुणी, पण मानेच्या शस्त्रक्रियेवरून संघाशी बिनसले आणि २०२१मध्ये तो व्हेगासला गेला. २०२३मध्ये त्याने तेथे स्टॅन्ले चषक उंचावला. बफेलोला मात्र २०२५पर्यंत सलग १४ मोसम बाद फेरी गाठता आली नाही. मॅकडेव्हिड हा या पिढीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी एडमंटनला २०२४ आणि २०२५ या दोन्ही अंतिम लढतींत फ्लोरिडाकडून हार पत्करावी लागली.

आशा कोठे ठेवावी?

भारतीय वाचकांना या निवडीत आपले नावही सापडेल. २०१५मध्ये डॅलसने सतनाम सिंग या पंजाबच्या तरुणाला ५२व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याआधी २००८मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने करारबद्ध केले होते. तेही मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत. त्यात त्यांना कमीपणा नाही. निवड हा प्रारंभ असतो, हेच त्यावरून दिसते.

तेव्हा एका चाहत्याचे मत विचाराल, तर बास्केटबॉलमध्ये नव्या खेळाडूवर आशा जरूर ठेवावी. हॉकीत बेताची ठेवावी आणि बेसबॉलमध्ये एका नावावर न ठेवता दहा-बारा तरुणांच्या तुकडीवर ठेवावी. मात्र कोणत्याही खेळात ती आशा पराभवाच्या तारणावर उभी करू नये. सोडत कुणाच्याच हातात नसते, आणि हरण्याचे वातावरण पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आला म्हणून रातोरात निवळत नाही. २०१५च्या त्या रात्री बफेलोच्या खेळाडूंनी आपल्याच प्रेक्षकांच्या जल्लोषाबद्दल उघड खंत व्यक्त केली होती. बर्फावर जीव तोडून खेळणाऱ्या त्या मुलांसाठी तो सामना खरा होता. प्रेक्षकांना मात्र तो पुढच्या निवडीचा एक आकडा वाटत होता, आणि तो आकडाही अखेर त्यांना मिळाला नाही.