पाया खणण्याआधीचे चार तास

आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबांची नोकरी पणजीत आणि मूळ घर पेडणे किंवा डिचोली तालुक्यात आहे. निवृत्ती जवळ आली की गावच्या जागेत आपले घर बांधायचे मनात येते. सुरुवात बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या नकाशापासून होते. "त्यांचं घर छान झालंय, तोच प्लॅन आपल्याला चालेल," असे ठरते, मेस्त्री येतो, दोरी लावतो आणि पाया खणायला घेतो. वास्तुविशारदाची आठवण होते ती परवान्याच्या कागदांवर सही हवी असते तेव्हा.

मी पणजीत वास्तुविशारद म्हणून काम करते. लोक आमच्याकडे यायला का कचरतात, हे मला ठाऊक आहे. पूर्ण सेवेचे शुल्क सहसा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत सांगितले जाते. समजा घर तीस लाखांचे आणि शुल्क सात टक्के, म्हणजे दोन लाख दहा हजार. हा आकडा ऐकला की "तेवढ्यात आमचं स्वयंपाकघर उभं राहील," असे उत्तर येते. पेन्शनवर किंवा लहानशा दुकानावर चालणाऱ्या घरात ते चुकीचेही नाही.

पण वास्तुविशारदाची सेवा सगळी घ्यावी किंवा मुळीच घेऊ नये, असे काही नसते. गंमत म्हणजे वास्तुशास्त्र पाहणाऱ्याला एका फेरीचे पैसे आपण बिनतक्रार देतो. डॉक्टरांकडे एकदा तपासून घेतो, वकिलाचा एका बैठकीचा सल्ला घेतो. वास्तुविशारदाकडे मात्र "फक्त चार तास द्या, त्याचे पैसे घ्या" असे म्हणायचे कोणाला सुचत नाही, आणि आम्हीही ते आपणहून सांगत नाही.

पहिल्या टप्प्यातच सगळे ठरते

आमच्या कामाचे टप्पे असतात. आधी संकल्पना, मग प्राथमिक आराखडा, परवान्याचे नकाशे, बांधकामाचे तपशीलवार नकाशे, कंत्राटदाराची निवड आणि शेवटी प्रत्यक्ष देखरेख. यात जास्त तास जातात ते नंतरच्या टप्प्यांत. पण घर जमिनीवर कुठे बसणार, तोंड कुठे करणार, किती मोठे होणार, छप्पर कसे असणार, हे पहिल्या टप्प्यातच ठरून जाते. तिथली चूक पुढे कितीही चांगला गवंडी आणला तरी दुरुस्त होत नाही.

एक साधा हिशेब पाहा. नकाशात खोल्या नीट जुळल्या नाहीत की मध्ये बोळ तयार होतो. चार फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब बोळ म्हणजे 100 चौरस फूट. बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,500 रुपये धरला, तर नुसत्या चालण्यासाठी अडीच लाख रुपये गेले. कागदावर तो बोळ काढून टाकायला अर्धा तास लागतो.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर रोज असते. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तरी आपण सपाट स्लॅब घालतो. चार पावसाळ्यांत तो गळू लागतो आणि मग त्यावर लोखंडी खांब उभारून पत्रे चढवतो. एका घराला दोन छपरांचे पैसे! आपल्या आज्यापणज्यांनी उतरते छप्पर, मांगलोरी कौले, लांब वळचण आणि पुढे पडवी हे सगळे हौसेखातर केले नव्हते. पश्चिमेकडून येणारी झड भिंतीला लागू नये, यासाठीच ते होते.

दोन बैठका

या पद्धतीने सल्ला घेतलेली दोन कुटुंबे आठवतात. डिचोली तालुक्यातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याची जागा उताराची होती. हातात होता तो सपाट जमिनीसाठी काढलेला तयार नकाशा. तो तिथे बसवायचा तर एका बाजूला डोंगर कापायचा आणि दुसऱ्या बाजूला पुरुषभर उंचीची भिंत बांधून भराव घालायचा. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या 17ए कलमानुसार डोंगरकापणीला पूर्वपरवानगी लागते, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्ही घराचे दोन भाग केले आणि मध्ये चार पायऱ्या ठेवल्या. झोपायची खोली, न्हाणी आणि स्वयंपाकघर वरच्या पातळीवर एकत्र आणले, म्हणजे उद्या गुडघे दुखू लागले तरी रोजचे व्यवहार पायऱ्यांवाचून होतील. भरावाची भिंत वाचली. एक जागेवरची भेट आणि एक बैठक, एवढेच काम होते.

दुसरे कुटुंब पेडण्याचे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या भागात जागेला भाव आले आहेत आणि "जुने पाडा, नवे बांधा" हा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. या भावंडांनाही वडिलोपार्जित घर पाडायचे होते. जाऊन पाहिले तर चिऱ्याच्या जाड भिंती ठणठणीत होत्या. वाळवी लागली होती ती वाशांना. खरी अडचण होती ती रात्री अंगण ओलांडून संडासला जाणाऱ्या त्यांच्या आईची. छप्पर बदलावे, आईच्या खोलीला लागून संडास-बाथरूम काढावे आणि बाकीचे घर आहे तसे ठेवावे, असे ठरले. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न निघाला. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही घरात वाटा असतो. त्यांची संमती आधी घ्या, असे सांगून मी त्यांना वकिलाकडे पाठवले.

दुसरीकडे काय केले गेले

ब्रिटनमध्ये वास्तुविशारदांची संस्था आरआयबीए आणि बेघरांसाठी काम करणारी 'शेल्टर' यांनी मिळून एक उपक्रम चालवला होता. घरमालकाने शेल्टरला ठरावीक देणगी द्यायची आणि बदल्यात वास्तुविशारद त्याच्या घरी येऊन तासभर सल्ला देणार. आपल्याकडे केरळमध्ये लॉरी बेकर यांनी वेगळा मार्ग धरला. 1917 साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले बेकर आयुष्यभर कमी खर्चाची घरे बांधत राहिले. शिवाय खर्च कुठे वाचतो, हे स्वतःच्या हाताने चित्रे काढून समजावणाऱ्या छोट्या पुस्तिका त्यांनी लिहिल्या. त्यांच्यासोबत काम केलेले जेरार्ड डा कुन्हा यांनी आपल्या पर्वरीजवळ टोर्डा येथे गोव्यातील घरांचे संग्रहालय उभारले आहे. घर बांधायचा विचार असेल तर एक रविवार तिथे घालवा.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील, तर चार्ल्स कोरिया यांची नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत आठवावी. पणजीची कला अकादमी त्यांचीच. बेलापूरला त्यांनी छोटी घरे अशी आखली की कुटुंब पुढे सवडीने ती वाढवू शकेल. आज दोन खोल्या आणि मुलीच्या लग्नानंतर वरचा मजला, असा बेत असेल तर जिन्याची जागा आणि पायाची ताकद आजच ठरवावी लागते.

काय मिळते, काय मिळत नाही

मर्यादित सल्ल्याच्या मर्यादाही स्पष्ट हव्यात. चार तासांत जागेची पाहणी, एक-दोन पर्यायांची कच्ची रेखाटने, खर्चाचा ढोबळ अंदाज आणि "पुढे कोणाकडे जावे" याची यादी एवढे मिळते. ही रेखाटने परवान्याचे नकाशे नव्हेत. सळ्या किती आणि खांब किती जाड, हे स्ट्रक्चरल इंजिनियरच सांगणार. मेस्त्रीने मध्येच काही बदलले, तर त्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर येत नाही. म्हणून काय मिळणार, किती वेळा बदल करून मिळणार आणि रक्कम किती, हे आधीच एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. ही रक्कम सागवानी मुख्य दरवाजाच्या खर्चाहून कमी असायला हरकत नाही. समोरची व्यक्ती 1972च्या वास्तुविशारद कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेली आहे ना, हेही विचारावे. विचारल्याचा राग कोणी धरू नये.

येताना एक-चौदाचा उतारा, सर्व्हे नकाशा आणि जागा कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला आणा. जागेचे फोटो जुलैमधले असतील तर उत्तम, कारण पाणी कुठून येते आणि कुठे साचते ते त्यांतच दिसते. घरात कोण राहणार, त्यांची वये काय, हे लिहून आणा. आणि खर्चाचा खरा आकडा सांगा. आकडा लपवला की आराखडा खोटा होतो.

मंडळाला माझी एक सूचना आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की बांधकामाची घाई सुरू होते. त्याआधी, गणपती झाल्यावर, एका रविवारी सकाळी मंडळाने घरसल्ल्याची बैठक ठेवावी. येणाऱ्याने माफक शुल्क द्यावे, फुकट नको. फुकट मिळालेला सल्ला कोणी पाळत नाही. पणजीतल्या दोन-तीन समव्यवसायी मैत्रिणींना मी विचारले आहे, त्या यायला तयार आहेत. कार्यकारिणीने तारीख तेवढी कळवावी.