मुंग्या बोटांना, दुखणे मनगटात

ठाणे, प्रतिनिधी - डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभे असताना अंगठा व लगतच्या बोटांना मुंग्या येतात. रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. रक्त खेळत नसेल, असे समजून अनेक जण याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा मनगटातील मज्जातंतू दबलेला असतो. या विकारास ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात.

मनगटातील आठ लहान हाडांच्या कमानीवर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. या अरुंद बोगद्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि ‘मीडियन’ हा मज्जातंतू जातो. पारसिकच्या बोगद्याप्रमाणेच याच्याही भिंती हटत नाहीत. त्यामुळे आत सूज आली की मज्जातंतू चेपला जातो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण, संधिवात किंवा मनगटावर सतत जोर देणारे काम ही त्याची काही कारणे. करंगळीची संवेदना दुसऱ्या मज्जातंतूकडे असल्याने ती सहसा सुटते. ही खूण निदानात मोलाची ठरते.

मग तपासणी कोणती? १८९५ साली राँटजेन यांनी पत्नीच्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, त्यात हाडे आणि अंगठी दिसली. आजही एक्स-रेमध्ये हाडेच दिसतात, मज्जातंतू नव्हे. सोनोग्राफीत मात्र तो दिसतो. बोगद्याच्या तोंडाशी त्याचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरहून मोठा असल्यास दाबाचा संशय बळावतो. गाठ असल्याची शंका आल्यास वा निदान अस्पष्ट राहिल्यास एमआरआय उपयोगी पडते. प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नसते. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे ‘नर्व्ह कंडक्शन’ चाचणीत कळते. अर्थात, रुग्णाची लक्षणे आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी यांची जागा कोणतेही चित्र घेऊ शकत नाही.

सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा किंवा इंजेक्शन यांनी अनेकांना आराम पडतो. त्याने न भागल्यास छोट्या शस्त्रक्रियेने तो चिवट पट्टा कापून मज्जातंतूवरील दाब काढला जातो. मात्र अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजू लागला, सदऱ्याचे बटण लावणेही जमेनासे झाले, तर बराच काळ गेलेला असतो. अशा वेळी शस्त्रक्रियेनंतरही गेलेली ताकद पूर्णपणे परत येईलच, अशी खात्री नसते. म्हणूनच मुंग्या वारंवार येत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू व मज्जातंतूविकारतज्ज्ञ यांचा सल्ला वेळीच घेणे श्रेयस्कर.