घराचं दार उघडं, वेस बंद

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये रात्री आठला प्लेस्टेशन सुरू होतं. पाचव्या मिनिटाला पडद्यावरचा खेळाडू जागीच थिजतो आणि आतल्या खोलीतून हाक येते, ‘नेटवाल्याला फोन लाव!’ नेटवाला राऊटर बंद-चालू करायला सांगतो. मित्र म्हणतो, पोर्ट उघड. व्हिडिओतला कुणी डीएनएस बदलायला सांगतो. आठवड्याभरात राऊटरची सगळी पानं उलटून होतात, लॅग मात्र हलत नाही. मेहनत खरी असते, पण हात भलत्याच ठिकाणी घातलेला असतो.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे मोठा प्लॅन घेतला की लॅग जातो. संभाजीनगरकरांना याचं उत्तर पाण्यावरून चटकन समजेल. शहराचं पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, पन्नासेक किलोमीटरवरून. जलवाहिनी रुंद केली तर पाणी जास्त येईल, पण पैठण त्यामुळे जवळ सरकणार नाही. एमबीपीएस ही त्या वाहिनीची रुंदी, तर पिंग म्हणजे माहितीला जाऊन परत यायला लागणारा वेळ. मोठे गेम १०० जीबीच्या पुढे गेलेत, ते उतरवून घ्यायला रुंदी हवीच. प्रत्यक्ष खेळताना मात्र कोणतं बटण दाबलं, कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, एवढीच माहिती ये-जा करते. बहुतेक गेमना त्यासाठी एक-दोन एमबीपीएस पुष्कळ होतात.

अंतराचा हिशेब कुणालाही मांडता येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आत, म्हणजे जाऊन-येऊन प्रकाशाला जेमतेम साडेतीन मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, तिथे हाच आकडा ३९ वर जातो. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतली यंत्रंही आपापला वेळ घेतात, ते वेगळंच. म्हणून राऊटरला हात लावण्याआधी गेममध्ये सर्व्हरचा कोणता प्रदेश निवडलाय ते बघावं. डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून ही वाट आखूड होत नाही. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. पत्ता हाती आला, सामना सुरू झाला, की त्याचं काम संपलं.

मग सकाळी सुरळीत चालणारा गेम रात्रीच का अडकतो? पुष्कळदा कारण घरातच सापडतं. कुणाच्या फोनवरून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत असतात, कुणाची ऑफिसची मीटिंग लांबलेली असते. अपलोडची वाट भरली की राऊटर माहितीची पाकिटं टाकून न देता साठवत जातो आणि गेमचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१०च्या सुमारास या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. तपासणं सोपं आहे. लॅपटॉपवर पिंग चालू ठेवायचं आणि फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावायचा. आकडा उसळला, तर रोग सापडला. राऊटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय, असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. थोडा वेग सोडून द्यायला मन तयार होत नाही, पण रांग त्यानेच मोडते. नुसतं ‘गेमिंग’ असं नाव दिलेलं बटण प्रत्येक राऊटरमध्ये हेच काम करतं असं नाही.

वायफायचंही तसंच आहे. वायर दारातून आत येते म्हणून राऊटर दाराशी राहतो, कन्सोल दोन भिंती आणि लोखंडी कपाटापलीकडे. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. भोवतीच्या सगळ्या फ्लॅटांची गर्दी त्यातच. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा मोकळी, पण भिंतीपुढे तो लवकर थकतो. शिवाय पहिल्या पीएस४ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झ नव्हताच. सेकंडहँड कन्सोल घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधी बघावं. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. या एका वायरीने जे सुटतं ते महागड्या आठ अँटेनांच्या राऊटरनेही सुटेलच असं नाही.

आता पोर्टांकडे. घरातली सगळी यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवण्याच्या पद्धतीला नॅट म्हणतात. प्लेस्टेशनवर नॅट टाइप १, २, ३ दिसतो, एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट. ‘टाइप १ म्हणजे पहिला नंबर’ हा समज चुकीचा आहे. राऊटरमागच्या कन्सोलला टाइप २ दिसणं अगदी निरोगी. त्रास टाइप ३ चा: पार्टी चॅट जुळत नाही आणि टेक्केन ८ किंवा जीटीए ऑनलाइनसारख्या, खेळाडूंची यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात अशा गेममध्ये जोडणी अडते. सामना कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर नॅट सुधारून पिंग उतरत नाही.

हे शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंगने उघडतं ते घराचं दार. वेशीचा दरवाजा नेट देणाऱ्या कंपनीकडे असतो. आयपीव्ही४चे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला वाटून संपले. तेव्हापासून एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची पद्धत, म्हणजे सीजीनॅट, फोफावली. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारे पत्ते २०१२मध्ये राखून ठेवले गेले. राऊटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ यातला दिसला, तर घरात कितीही पोर्ट उघडा, बाहेरची हाक आत पोचत नाही. तिथे १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता असेल, तर बहुधा कंपनीच्या डब्यामागे दुसरा राऊटर लावलेला असतो. मग एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावं.

पत्ता खरोखर सार्वजनिक असेल तर यूपीएनपी, म्हणजे गेमला लागतील ते पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय, बहुतेकांना पुरते, मात्र राऊटरचं फर्मवेअर ताजं हवं. रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने २०१३मध्ये दाखवलं होतं, की ८ कोटींहून जास्त पत्ते घराबाहेरून आलेल्या यूपीएनपीच्या हाकेलाही ओ देत होते. डीएमझेडची तर गरजच नसते. त्यात ठरवलेल्या पत्त्याकडे बाहेरून येणारं सगळं वळवलं जातं, आणि उद्या तोच पत्ता घरातल्या लॅपटॉपला मिळाला तर तो उघड्यावर पडतो.

वेस कंपनीकडे असेल तर फोन करावाच लागतो, पण नेमकं विचारून: लाइन सीजीनॅटवर आहे का, आयपीव्ही६ चालू आहे का, पब्लिक स्टॅटिक आयपीचे महिन्याला किती? ‘पब्लिक’ हा शब्द सोडू नये. नाहीतर कन्सोलला घरातलाच १९२.१६८वाला पत्ता कायमचा बांधून मिळतो. ते काम राऊटरच्या पानावर दोन मिनिटांत, फुकट होतं.