टर्बो बदलण्याआधी ऑइल कुठून येतंय ते बघा

पहाटे बेळगावच्या बाजारात भाजी भरायची, चोर्ला घाटातून गोव्यात उतरायचं आणि दुपारी तोच घाट चढून परत यायचं, हा अनेक पिकअपवाल्यांचा रोजचा धंदा. अशा एखाद्या गाडीखाली सकाळी ऑइलचे थेंब दिसतात. बॉनेट उघडलं तर टर्बोच्या आजूबाजूला सगळं काळंओलं. गॅरेजमध्ये टर्बोचा रबरी पाईप काढून आत बोट फिरवलं जातं, बोटाला ऑइल लागतं आणि तिथेच निकाल लागतो : टर्बो गेला.

बिल पाच आकडी होतं. गाडी दोन-तीन दिवस उभी राहते ती वेगळीच. आणि कित्येकदा नवा टर्बो बसवून पंधरा दिवस होत नाहीत तोच तोही तसाच ऑइल टाकायला लागतो. मग दोष पार्टला, नाहीतर मिस्त्रीला, नाहीतर नशिबाला. खरं तर टर्बो आपणहून क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा त्याला दुसऱ्याच कुणीतरी बिघडवलेलं असतं, किंवा तो बिघडलेलाच नसतो.

ऑइल येतं दाबाने, जातं उताराने

टर्बो म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना बसवलेली दोन चाकं. एका चाकाला सायलेन्सरकडे जाणारा गरम गॅस फिरवतो. दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, छोट्या गाड्यांत तर आकडा २ लाखांच्याही पुढे जातो. एवढ्या वेगात धातूवर धातू घासला तर काही क्षणांत खेळ खलास. म्हणून बहुतेक गाड्यांत शाफ्ट बुशच्या आत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो.

हे ऑइल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने वरून येतं. शाफ्टला भिजवून झालं की खालच्या जाड पाईपने चेंबरमध्ये परत जातं. परतीच्या या पाईपला कुठलाच पंप नाही. ऑइल निव्वळ उताराने खाली पडतं.

दुसरी गोष्ट अनेकांना नवीन वाटेल. टर्बोच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते आणि ती ऑइल पूर्णपणे अडवत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांतला हवेचा आणि गॅसचा दाब ऑइलला आत रेटून ठेवतो. परतीची वाट मोकळी असेल तोवर हा हिशेब जमतो. ती तुंबली, की आत साचलेलं ऑइल रिंगेवरून बाहेर पडतं. न्हाणीची मोरी तुंबली म्हणून कोणी नळ बदलत नाही. टर्बोच्या बाबतीत मात्र नेमकं तेच केलं जातं.

पाईपात ऑइल दिसणं हा पुरावा नाही

इंजिन चालू असताना रिंग-पिस्टनमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतच असतो. तो ब्रीदरच्या पाईपने टर्बोच्या आधी हवेच्या वाटेवर सोडलेला असतो, आणि येताना ऑइलची वाफ सोबत घेऊन येतो. त्यामुळे धडधाकट गाडीतही टर्बोच्या पाईपाला आतून ऑइलचा हलका थर असतो, इंटरकूलरमध्येही थोडं साचतं. बोट चिकट झालं तर घाबरायचं कारण नाही. पाईप काढल्यावर ऑइल ओघळून खाली पडलं तर मात्र गोष्ट वेगळी.

बाहेरून दिसणाऱ्या गळतीचंही तसंच. ऑइल वरून खाली येतं आणि फॅनच्या वाऱ्याने मागे पसरतं. टॅपेट कव्हरचं गॅस्केट पाझरलं तरी ओघळ टर्बोवरच येऊन थांबतो. खालून बघणाऱ्याला टर्बोच दोषी दिसणार. म्हणून शोधायची ती सगळ्यात वरची ओली जागा.

त्यासाठी आधी इंजिन धुतलं पाहिजे, आणि गार असताना. आपल्याकडे डिझेल मारून धुवायची सवय आहे, ती इथे नडते. डिझेलचा ओलावा राहिला तर नवी गळती ओळखू येत नाही, शिवाय गरम टर्बोजवळ ते धोक्याचं. साबणाचं किंवा डिग्रीझरचं पाणी वापरावं, अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट झाकून घ्यावेत. सुकल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. थोडा वेळ इंजिन चालू ठेवून, लागलं तर दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून परत बघावं. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ कुठून सुरू झाली ते डोळ्यांनी दिसतं. मोठ्या गॅरेजमध्ये ऑइलमध्ये रंग मिसळून निळ्या दिव्याखाली बघतात. काम तेच, पण पावडरीचा डबा घरात असतो.

टर्बोला हात लावण्याआधी

रेघ खरंच टर्बोपाशीच सुरू झाली, तरी चार गोष्टी राहतात.

पहिला हवेचा फिल्टर. खाणीच्या नाहीतर उसाच्या फडाच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो. चोंदलेल्या फिल्टरमधून हवा ओढताना टर्बोच्या चाकामागे ओढ तयार होते आणि ती ऑइल बाहेर खेचते. हा सगळ्यात स्वस्त दोष, आणि सगळ्यात शेवटी बघितला जाणारा.

दुसरी ऑइलची पातळी. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑइल क्रँक घुसळून काढतो आणि ते ब्रीदरमधून टर्बोच्या पाईपात पोचतं. बीएस-६ डिझेल गाडीत न भरताच पातळी वाढली असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याची दाट शक्यता. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ करायला गाडी जादा डिझेल मारते, त्यातलं काही खाली येतं. असं पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बुशला पुरत नाही. ते बदलावंच लागतं.

तिसरं बॅक कॉम्प्रेशन. इंजिन गरम असताना, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण जपून सैल करून बघतात. किंचित फुसफुस चालते. धुराचा झोत झाकणाला वर ढकलत असेल तर चेंबरमध्ये दाब आहे, आणि जिथे दाब आहे तिथे टर्बोतून ऑइल उतरणार कसं? इथेही लगेच ‘हाफ इंजिन काम’ काढायची घाई नको. आधी ब्रीदरचा पाईप आणि झडप काढून साफ करावी. तिथेच बोळा अडकलेला निघाला तर खर्च शंभर-दोनशेत निभावतो. ब्रीदर मोकळा असूनही झोत तसाच, तर रिंगा संपल्या. अशा इंजिनावर नवा टर्बो टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

चौथा परतीचा पाईप, आणि हा खरा चोर. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद केलं की टर्बोतलं ऑइल जागच्या जागी करपतं. वर्षानुवर्षं असं झालं की पाईपाला आतून कोळशाचा थर चढतो. पाईप बाहेरून नवाकोरा दिसतो, आतून अर्धा बंद असतो. तो काढून, उजेडासमोर धरून आरपार बघावा. रबरी तुकडा असेल तर आतून फुगलाय का ते चाचपावं. मागच्या कामात कोणी गॅस्केटऐवजी सिलिकॉनची पेस्ट लावली असेल तर तिचा लोळा आत लोंबत असतो, हेही नेहमीचंच. टर्बोच्या ऑइलच्या वाटेवर, येताना किंवा जाताना, पेस्ट कधीच वापरायची नसते.

वरून येणाऱ्या पाईपाची गळती त्या मानाने सोपी. तिथे मध्ये भोक असलेला बँजो बोल्ट असतो, दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत. जुनेच घालून बोल्ट जोरात आवळला तर गळती थांबत नाही, उलट बोल्ट तुटतो.

एवढं झाल्यावर टर्बो बघायचा. इंजिन बंद आणि गार असताना पाईप काढून चाक हाताने फिरवावं. ते सहज फिरलं पाहिजे. आडवा थोडा हलका खेळ चालतो, कारण ऑइलचा थर तेव्हा नसतो. पुढे-मागे खेळ जाणवत असेल, चाक घराला घासत असेल, पात्यांच्या कडा कुरतडल्या असतील तर टर्बो खरोखरच गेला. पाईप काढून चालू टर्बोजवळ बोट नेऊन ‘बघणारे’ महाभाग आहेत. ते बोट परत येत नाही.

तशीच चालवली तर

थेंबथेंब गळतीवर गाडी गावापर्यंत नेता येते, असं म्हणून लोक महिनाभर चालवतात. भरल्या गाडीने घाट चढताना डिझेलच्या टर्बोत शिरणारा गॅस ७०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो. त्या तापलेल्या लोखंडावर ऑइल पडलं तर आग लागायला ठिणगी लागत नाही.

दुसरा धोका फक्त डिझेलवाल्यांचा. टर्बोतून हवेच्या वाटेने ऑइल जास्त जाऊ लागलं की इंजिन तेच ऑइल जाळून पळायला लागतं. आवाज चढत जातो, मागे पांढरट-निळ्या धुराचा डोंगर उभा राहतो आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. डिझेल बंद झालं, पण त्याला आता डिझेल नकोच असतं. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, पूर्ण ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन कोंडून बंद पाडायचं. ते जमलं नाही तर माणसं लांब न्यायची. हवेच्या पाईपाच्या तोंडावर हात धरायचा नाही.

बसवताना

टर्बो बदलायचाच ठरला तर सोबत ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे, गॅस्केट आणि वॉशर नवे, वरचा पाईप शक्यतो नवा, परतीचा पाईप नवा किंवा आरपार साफ. इंटरकूलर काढून रिकामा करून धुवायलाच हवा. त्यात जुनं ऑइल राहिलं तर नवा टर्बोही निळा धूर काढल्यासारखा दिसतो, आणि जुन्या पात्याचा तुकडा राहिला तर तो थेट इंजिनात जातो.

पाईप जोडण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवून घ्यावं. मग इंजिन सुरू होऊ न देता थोडं क्रँक करावं, म्हणजे पहिल्या फेऱ्याला शाफ्ट कोरडा राहत नाही. सुरू झाल्यावर काही मिनिटं नुसतं आयडलवर. ‘बघू पिकअप कसा येतो’ म्हणून लगेच अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा बॉनेट उघडून जोड पुसून बघावेत आणि डिपस्टिक काढून पातळी तपासावी. जुने पार्ट गॅरेजमधून मागून घ्यावेत. परतीचा पाईप हातात आला की आतून बघता येतो, आणि गळती कशामुळे होती ते तिथेच कळतं.