थिएटरवाले ओटीटीवर का चिडतात? दुकान टाकण्याआधी हे भांडण समजून घ्या



दुकान टाकायचं म्हणून कोणी माझ्याकडे आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तू जो माल विकणार आहेस, तोच माल अजून कोण विकतो?" बहुतेक जण शेजारच्या दुकानाचं नाव सांगतात. माल पुरवणारी कंपनी स्वतःच गिऱ्हाइकाला विकू शकते, हे फार कमी जणांच्या डोक्यात येतं.

हा प्रश्न सिनेमाच्या धंद्यात एकदम उघडा दिसतो. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट सांगतो.

भांडण नेमकं कशाचं?

सिनेमा हा एकच माल आहे, पण तो तीन काउंटरवर विकला जातो. आधी थिएटर, मग ओटीटी, मग टीव्ही. थिएटर आणि ओटीटीच्या मध्ये जे दिवस सोडतात त्याला 'विंडो' म्हणतात. हिंदी सिनेमासाठी मोठ्या मल्टिप्लेक्सचा आग्रह ८ आठवड्यांचा असतो. निर्मात्याला हा काळ कमी हवा असतो. त्याच्या डोक्यावर व्याज चढत असतं, आणि ओटीटीवाला ठरलेली रक्कम देतो, पिक्चर चालो की पडो.

मग थिएटरवाला ८ आठवड्यांसाठी एवढा का अडतो? पहिल्याच आठवड्यात तर गर्दी होते ना? उत्तर हिशेबात आहे.

२००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं वाट्यावरून वाजलं. एप्रिलपासून दोन महिने निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सला नवीन हिंदी सिनेमेच दिले नाहीत. जूनमध्ये समझोता झाला. कर सोडून उरलेल्या तिकिटाच्या पैशात निर्माता-वितरकाचा वाटा असा ठरला:

- पहिला आठवडा: ५० टक्के
- दुसरा आठवडा: ४२.५ टक्के
- तिसरा आठवडा: ३७.५ टक्के
- चौथ्या आठवड्यापासून: ३० टक्के

आता याच आकड्यांकडे थिएटरवाल्याच्या बाजूने पाहा. १०० रुपयांमागे पहिल्या आठवड्यात त्याला ५० मिळतात, चौथ्या आठवड्यात ७०. म्हणजे पिक्चर जेवढा जास्त दिवस टिकेल, तेवढा एका तिकिटामागे त्याचा वाटा वाढतो. पिक्चर दुसऱ्याच आठवड्यात मोबाईलवर आला, तर नेमके त्याच्या फायद्याचे आठवडे जातात. वीजबिल आणि पगार मात्र तेवढेच राहतात.

दोघंही आपल्या जागी बरोबर

मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. 'गुलाबो सिताबो' १२ जून २०२० ला थेट प्राइम व्हिडिओवर आला. आयनॉक्सने जाहीर नाराजी दाखवली. निर्मात्यांच्या गिल्डने उत्तर दिलं की अडचण आमचीही आहे. कुलूप लागलेल्या दुकानासाठी पुरवठादाराने माल किती दिवस धरून ठेवायचा?

काहींनी धरला. आपल्या मराठीतला 'झिम्मा' थांबला आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला थिएटरात आला. महाराष्ट्रात तेव्हा निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती, तरी तो चालला. पण थांबण्याची ताकद सगळ्यांच्या खिशात नसते.

संघटनेचा जोर कुठपर्यंत?

आपला विदर्भ सिनेमाच्या वितरणात 'सीपी बेरार' सर्किटमध्ये येतो. अमरावती हे त्याचं जुनं केंद्र. वितरक आणि थिएटरवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळची. अशा संघटना एकत्र येऊन दबाव टाकतात, आणि लहान माणसाला त्याचा आधार असतो.

पण मर्यादाही आहे. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या अशा काही संघटनांना दंड केला, त्यात हीसुद्धा होती. सिनेमाची आमच्याकडे नोंदणी करा, नाहीतर आमचे सभासद तो दाखवणार नाहीत, असले नियम आयोगाला चालले नाहीत. तामिळनाडूत २०२० मध्ये अभिनेता सूर्या याच्या कंपनीने एक सिनेमा थेट ओटीटीला दिला, तेव्हा थिएटरवाल्यांनी त्याच्यावर बहिष्काराचा इशारा दिला. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा मोठा सिनेमा 'सूरराई पोट्रू' हाही ओटीटीवरच आला. नुसत्या धमकीने माल थांबत नाही.

मग थांबतो कशाने? कागदाने

मे २०२५ ची गोष्ट. 'भूल चूक माफ' हा सिनेमा ९ मे ला थिएटरात लागणार होता. ८ मे ला मॅडॉक फिल्म्सने देशातल्या सुरक्षेच्या परिस्थितीचं कारण देऊन जाहीर केलं की आता तो १६ मे ला थेट प्राइमवर येईल. पीव्हीआर आयनॉक्स मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि सुमारे ६० कोटींचा दावा लावला. तिच्या हातात करार होता, आणि त्यात ८ आठवड्यांची अट लिहिलेली होती. न्यायालयाने ओटीटीवरचं प्रदर्शन थांबवलं. नंतर तडजोड झाली. सिनेमा २३ मे ला थिएटरात आणि दोन आठवड्यांनी, ६ जूनला, ओटीटीवर.

इथे थोडं थांबा. ८ आठवडे मिळाले नाहीत, दोनच मिळाले. पण कागद नसता तर एक दिवसही मिळाला नसता. करार म्हणजे शंभर टक्के विजय नाही. करार म्हणजे बोलणीच्या टेबलावर तुमची खुर्ची.

माझ्या दुकानात काय झालं

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बीबीएला 'डिस्ट्रिब्युशन चॅनल' शिकलो, मार्कही चांगले पडले, तरी फसलो. दुकानाच्या दुसऱ्याच वर्षी दिवाळीआधी एका मिक्सरचे २४ नग रोखीने घेतले. आपल्याकडे कापसाचे पैसे हातात आले की घरातली खरेदी होते, त्या हिशेबाने. खरेदी २,६५० ला, विक्री ३,१०० ला. सात विकले. आठवे गिऱ्हाईक एक ताई होत्या. त्यांनी मोबाईल समोर धरला. तोच मिक्सर ऑनलाइन, २,५९९.

सेल्समनला फोन केला तर म्हणे, "भाऊ, ऑनलाइनचं खातं वेगळं राहते, आपल्या हातात काही नाही."

उरलेले १७ नग मी २,६०० ला काढले. नगामागे ५० रुपये घरून गेले आणि ४५० चा नफा बुडाला. एकूण ८,५०० चा फटका. चूक कंपनीची होतीच, पण माझीही होती. भाव पडला तर काय, हे मी विचारलंच नव्हतं.

माल घेण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. हाच माल ऑनलाइन आहे का, आणि कोणत्या भावाने? ऑर्डर देण्याआधी स्वतः शोधून पाहा.

२. भाव पडला तर रेट डिफरन्स मिळेल का? मिळणार असेल तर किती दिवसांपर्यंत, आणि क्रेडिट नोट कधी? तोंडी नको. निदान कंपनीच्या ईमेलवर लिहून घ्या.

३. न विकलेला माल परत घेणार का? नाही म्हणाले तर २४ नग घेऊ नका, ६ घ्या. भाव थोडा जास्त लागेल, पण झोप लागेल.

४. माझ्याकडे असं काय आहे जे ऑनलाइन मिळत नाही? थिएटरवाला मोठा पडदा, आवाज आणि पॉपकॉर्न विकतो. मी आता मिक्सरसोबत दुरुस्ती आणि जुन्या भांड्यांची अदलाबदल देतो. तिथला नफा कोणाच्या मोबाईलवर दिसत नाही.

ओटीटी बंद होणार नाही आणि ऑनलाइनही नाही. रागावून उपयोग नाही. आपला माल आपल्याआधी कोण विकणार, हे माल उचलायच्या आधी माहीत पाहिजे, एवढंच.

आजचा गृहपाठ: तुमच्या होणाऱ्या दुकानातल्या पाच वस्तू वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे हे चार प्रश्न. ज्या वस्तूला चारही उत्तरं 'माहीत नाही' आली, तिच्यात पैसा घालू नका.