पत्र्याच्या अंगाचे मेंडोलिन : घेताना काय पाहावे, वाजवताना काय सांभाळावे

आपल्या वार्तापत्रात लागणीचा हंगाम, खताचे हप्ते, खोडव्याची निगा, तोडणीचा कार्यक्रम हे नेहमी वाचायला मिळते. या खेपेस थोडे वेगळे लिहीत आहे. विषय वाद्याचा आहे, परंतु प्रश्न उसाच्या बिलाचाच आहे, सबब सभासद बंधू-भगिनींनी वेळ काढून वाचावे.

आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी, पखवाज, वीस-पंचवीस टाळ आणि माझ्या पुतण्याचे मेंडोलिन. हे वाद्य हातभर लांबीचे, तारा आठ, पण त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत लावलेल्या. घरात बसून वाजवले की ऐकत राहावे असे. पण एकदा टाळ सुरू झाले की संपलेच. पोरगा बोटे झिजवतोय आणि शेजारी बसलेल्यालाही पत्ता नाही. माईक लावला तर शिट्टी मारतो, आणि सप्ताहात ऐन वेळी लाईट गेली की माईकही गप्प. एका एकादशीला त्याने मेंडोलिन पिशवीत घातले, मागच्या ओळीत जाऊन बसला आणि टाळ घेतला. विचारले तर म्हणाला, "काका, ऐकूच येत नाही तर वाजवू कशाला?"

पुढे काही दिवसांनी त्याने मोबाईलवर पत्र्याच्या अंगाचे, आरशासारखे चकचकीत मेंडोलिन दाखवले. आवाज खणखणीत. परदेशी बनावटीचे, त्यामुळे किंमतही तशीच. उसाच्या बिलाचा चांगला मोठा भाग त्यात जाणार. आमचे थोरले बंधू म्हणजे त्याचे वडील तिथेच भडकले. "पत्र्याला एवढे पैसे? त्यात ठिबकच्या नळ्या नव्या येतील!" दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. मग चौकशी करायचे काम माझ्याकडे आले.

या वाद्याची हकीगत मजेची आहे. ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात जन्मले, आणि कारण अगदी आमच्या पुतण्याचेच. १९२० नंतर तिकडच्या नाचगाण्याच्या बँडमध्ये तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि बँजो यांच्या गलक्यात गिटार ऐकू येईना. विजेवरची गिटार अजून निघायची होती. जॉर्ज बीचम नावाचा रंगमंचावर वाजवणारा गिटारवाला जॉन डोप्येरा या मूळच्या स्लोव्हाक कारागिराकडे गेला आणि मोठ्या आवाजाची गिटार मागितली. १९२७ मध्ये डोप्येराने धातूच्या अंगात ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवलेली गिटार तयार केली. 'नॅशनल' नावाची कंपनी उभी राहिली, एका शंकूची स्वस्त वाद्ये निघाली, त्यात मेंडोलिनही आले. पण भागीदारीत भांडण लागलेच. (भागीदारी म्हटली की ते आपल्याला नवीन नाही.) १९२९ मध्ये डोप्येरा बाहेर पडला आणि भावांना घेऊन 'डोब्रो' काढली. डोप्येरा ब्रदर्स म्हणून डोब्रो, आणि स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे 'चांगले'.

गंमत पुढेच आहे. ज्या बीचमने मोठ्या आवाजासाठी हट्ट धरला, त्यानेच रिकनबॅकर या कारखानदाराला हाताशी धरून १९३२ च्या सुमारास विजेवरची गिटार बाजारात आणली. झाले! मोठ्या आवाजासाठी पत्र्याची गरजच उरली नाही. तरीही तिकडच्या दक्षिण भागातील ब्लूज गाणाऱ्या काळ्या कलावंतांनी ती वाद्ये सोडली नाहीत, कारण त्या पत्र्याला स्वतःचा एक गळा आहे. महायुद्धात धातूच्या टंचाईने उत्पादन थांबले. पुढे १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातच एका नव्या कंपनीने त्याच पद्धतीची वाद्ये पुन्हा करायला घेतली.

आपल्याकडे मेंडोलिनचे नाव झाले ते सिनेसंगीतामुळे. सज्जाद हुसेन हे संगीतकार स्वतः मोठे मेंडोलिनवादक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत यांची सुरुवात मेंडोलिननेच झाली. स्टुडिओत माईक पुढ्यात असतो, आवाजाची चिंता नाही. आपल्या देवळात ती आहे.

आता यंत्र समजून घेऊ. या वाद्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ शंकू असतो, रेडिओच्या स्पीकरमध्ये कागदाचा असतो तसा. शंकूच्या टोकावर बिस्किटाएवढी लाकडी चकती, चकतीवर घोडी आणि घोडीवरून तारा. तार छेडली की तिचा कंप घोडीवाटे शंकूत उतरतो, आणि हवा हलवण्याचे काम शंकू करतो. अंगाचा पत्रा हे त्याचे घर. घराने आवाजात फरक पडतो, नाही असे नाही. पितळी अंग भरदार आणि पोलादी अंग कोरडे बोलते असे वाजवणारे सांगतात. पण बोलतो तो शंकूच. महागाच्या जुन्या गिटारींना 'जर्मन सिल्व्हर'चे अंग असे. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. नावात चांदी असली तरी पोटात गुंजभरही नसते. आपल्याकडे बायका ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मन'चे म्हणतात, ते वेगळे. वैनीला मी हे समजावत बसलो आणि त्यांनी मला चहाचे पातेले दाखवून "मग हेच वाजवा की" म्हटले.

तेव्हा घेताना चकाकीवर जाऊ नये. बेणे घेताना आपण उसाची उंची बघून भुलत नाही, डोळा बघतो. इथे डोळ्याच्या जागी शंकू. वरच्या झाकणाला भोके असतात, त्यातून बॅटरीचा उजेड टाकून शंकू दबला किंवा पोचला आहे का ते पाहावे. मग प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर सावकाश वाजवावी. खरखर किंवा झणझण आली तर कधी तो नुसता ढिला स्क्रू असतो, कधी खचलेला शंकू. विकणारा नेहमी स्क्रूच म्हणेल. शंकू नवा बसवता येतो, पण तो मिळवण्याची यातायात किमतीत धरावी. त्यानंतर दांडी. एका टोकाकडून डोळा लावून बघावी. वाकलेली दांडी असेल तर शंकू कितीही चांगला असो, वाद्य सुरात बोलणार नाही. बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. खिशात लोहचुंबक ठेवावा. घट्ट चिकटला की अंग पोलादी, मग ते पितळेच्या भावात घेऊ नये.

आम्ही मुंबईला एके ठिकाणी जुने वाद्य पाहायला गेलो. अंगावर वेलबुट्टी, पोराचे डोळे दिपले. बॅटरी टाकली तर चकतीच्या बाजूला शंकू बसका दिसला, आणि तिसऱ्या जोडीवर खरखर. "तारा नव्या आहेत, बसतील हळूहळू," असे तिथले गृहस्थ म्हणाले. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. एस.टी.त पुतण्या कराडपर्यंत एक शब्द बोलला नाही. चार महिन्यांनी दुसरे मिळाले : मुलामा जागोजाग उडालेला, पेटी फाटकी, पण शंकू सुपासारखा स्वच्छ. बंधूंनी निम्मे पैसे दिले, निम्मे त्याने दूध घालून फेडायचे ठरले.

वाजवण्याचे दोन शब्द. लाकडी मेंडोलिनवर जोर लावायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. नखी हलकी धरावी. लांब सुरासाठी नखी भराभर वर-खाली करतात, ती या वाद्यावर गाणाऱ्याच्या शब्दांवर चढते. अभंगाचे चरण चालू असताना ती आवरावी आणि मोकळ्या जागी सोडावी. तारा बदलताना आठही एकदम काढू नयेत, घोडी व शंकू जागचे हलतात. जाड तारा चढवू नयेत, शंकूवर भार येतो.

सूर लावण्याची एक युक्ती मात्र लिहून ठेवावी. मेंडोलिनच्या मोकळ्या जोड्या पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा असतात. आमचे बुवा काळी एकमध्ये गातात, त्यामुळे एकही मोकळी तार कामाची राहीना. पुतण्याने चारही जोड्या अर्ध्या सुराने खाली उतरवल्या. आता त्या काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन झाल्या, म्हणजे बुवांचे मध्यम, षड्ज, पंचम आणि ऋषभ मोकळ्या तारांवरच मिळतात. ताणही कमी झाला, शंकूला बरेच. बुवा काळी चारमध्ये गेले तरी षड्ज-पंचम मोकळेच राहतात. याच्याहून फार खाली मात्र उतरू नये. शंकूवर पुरेसा दाब राहिला नाही की तो खुळखुळतो.

परवाच्या एकादशीला ते पहिल्यांदा देवळात वाजले. लाईट दोनदा गेली, मेंडोलिन गेले नाही. पंचवीस टाळांतून पारापर्यंत ऐकू येत होते. दुसऱ्या अभंगानंतर बुवांनी मागे वळून पाहिले आणि पुतण्याला मागच्या ओळीत बसायला सांगितले, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना. पोरगा हसत उठला आणि मागे जाऊन बसला, या खेपेस मेंडोलिन घेऊन.